सकाळी स्टार्ट करताना गाडी धूर मारते: इंजिन खोलण्याआधी काय काय बघायचं

दिवाळी उलटून मालव्यातली थंडी पडली की आमच्या इंदूरच्या गॅरेजात एक तक्रार फिरून फिरून येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो, शेजारी खिडक्या लावून घेतात आणि पाच मिनिटांनी सगळं साफ. दिवसभर गाडी व्यवस्थित पळते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, "भिया, इंजन का काम निकलेगा," आणि घरात हिशेब सुरू होतात. यातल्या बऱ्याच गाड्यांना इंजिनचं काम लागतच नाही. ज्यांना लागतं त्यांचंही बहुतेकदा वरच्या भागाचं, म्हणजे हेडचं निघतं.

लक्षणं

गाडी किमान सात-आठ तास उभी राहिली असेल अशा सकाळी बघा. स्टार्ट दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, तुम्ही मागे एका बाजूला उभे राहा आणि मोबाइलवर पहिल्या दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पुढे मेकॅनिकशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो. हे काम मोकळ्या जागेत करा, शटरच्या आत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. वास घ्यायचा तोही लांबून, हाताने हवा आपल्याकडे ओढून. सायलेन्सरला नाक लावायचं नाही.

साधारण पाच प्रकार दिसतात:

- पातळ पांढरी वाफ, लगेच विरते, वास नाही, सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब.
- दाट पांढरा धूर, हवेत रेंगाळतो, किंचित गोडसर वास. इंजिन गरम झाल्यावरही पूर्ण थांबत नाही.
- डिझेल गाडीत पांढरट-करडा धूर, डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास, इंजिन थरथरतं.
- निळसर धूर, जळक्या ऑइलचा वास.
- काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, ॲव्हरेज घसरलेलं.

रंग सगळेच बघतात, पण धूर नेमका केव्हा येतो हे फार थोडे सांगतात. माझ्या मते खरं निदान तिथेच आहे. निळा धूर म्हटला की "रिंगा गेल्या" असं ठोकून दिलं जातं. पण तो फक्त स्टार्ट करताना भक्कन येऊन संपत असेल, तर संशय आधी वॉल्व सीलवर घ्यायचा. खंडवा रोडने भेरूघाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. खाली आल्यावर पुन्हा रेस दिली आणि तेव्हा निळा ढग आला, तरी वॉल्व सील किंवा गाइडच (वॉल्वचा दांडा ज्या नळीत सरकतो ती). चढावर, ओझं असताना, जितकी रेस द्याल तितका निळा धूर वाढत असेल, तर मात्र पिस्टन रिंग आणि बोअरकडे, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या भिंतीकडे, बघावं लागतं.

वॉल्व सीलचं असं आहे. इंजिन बंद झालं की हेडमध्ये थोडं ऑइल साचून राहतं. वॉल्वच्या दांड्यावर बसवलेली छोटी रबरी सील ते खाली जाऊ देत नाही. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं, मग रात्रभरात थेंब थेंब ऑइल गाइडमधून खाली उतरतं. सकाळी पहिल्या स्फोटांत ते जळतं आणि साठा संपला की धूरही संपतो. म्हणून तुम्ही गाडी चालवत गॅरेजात आणता तेव्हा मेकॅनिकला काहीच दिसत नाही, आणि तो अंदाजाने बोलतो. अशा तक्रारीची गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडा आणि सांगा, "सकाळी तुम्हीच पहिल्यांदा स्टार्ट करा." जो मेकॅनिक याला तयार नसेल त्याच्याकडून इंजिन खोलून घेऊ नका.

फुकटच्या तपासण्या

पातळ पांढऱ्या वाफेसाठी काहीच करायचं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते अदृश्य वाफेच्या रूपात निघून जातं. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली गेला की गार सायलेन्सरमध्ये त्याचं पाणी होतं आणि बाहेर पांढरी वाफ दिसते. सीएनजीवर ही वाफ जास्त दिसते, कारण त्या गॅसमध्ये हायड्रोजनचं प्रमाण जास्त असतं. सायलेन्सरमधून काजळीमिश्रित काळं पाणी ठिबकून फरशीवर डाग पडला तरी घाबरू नका. रामबागेतून राजवाडा आणि परत, एवढीच ज्यांची गाडी फिरते त्यांना हे हमखास दिसतं, कारण तेवढ्यात सायलेन्सर वाळतच नाही. आठवड्यातून एकदा बायपासला अर्धा तास सलग चालवून आणा.

यानंतर डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. पट्टी पुसून पुन्हा घाला आणि बघा. दोन खुणांमधलं अंतर लहान गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, तर धुराचं कारण तेच असू शकतं. जास्तीच्या ऑइलमध्ये क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) बुडून त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरच्या नळीतून इंजिनात ओढला जातो. सर्व्हिसनंतर लगेच धूर सुरू झाला असेल तर आधी हेच तपासा. जास्तीचं ऑइल काढून टाकलं की काम झालं. पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास येत असेल, तर इंधन चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय. अशा पातळ ऑइलवर गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग जातात.

पातळी कमी होत असेल तर किती, ते लिहून ठेवा. माझा नियम असा: जुनी गाडी हजार किलोमीटरला पाव लिटरपेक्षा कमी ऑइल खात असेल आणि धूर फक्त सकाळचा असेल, तर मी इंजिनला हात लावत नाही. टॉप-अप करत चालवा.

आता कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली. सकाळी थंड इंजिनवर मार्कर पेनने पातळीची खूण करा आणि आठवडाभराने बघा. ही बंद व्यवस्था आहे, पातळी सतत उतरता कामा नये. बाहेर कुठे ओल नाही, वॉटर पंपाखाली डाग नाही, गाडीत पायाशी गालिचा ओला नाही, तरी पातळी उतरते, म्हणजे कुलंट इंजिनात जळतंय. दाट पांढऱ्या धुराचं गूढ बहुतेकदा इथेच सुटतं. आपल्याकडे बाटलीत बोरिंगचं पाणी ओतायची सवय फार. त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, इंजिन तापतं आणि पुढे हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनमधल्या सीलबंद पट्टीवर, बेततं. कंपनीने सांगितलेलं कुलंट भरा, नसेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. नर्मदेचं नळाचं पाणी अगदी अडल्या वेळी, आणि तेही पुढे बदलून टाका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सुटलं की त्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर येते.

ऑइल भरायचं झाकणही काढून आतून बघा. तिथे दुधाळ, घुसळलेल्या दह्यासारखा थर दिसला की पाणी ऑइलमध्ये मिसळतंय असं सगळे म्हणतात. थंडीत कमी चालणाऱ्या गाडीत मात्र निव्वळ दमटपणानेही झाकणाखाली पातळ थर जमतो. फरक ओळखायचा असेल तर डिपस्टिक बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर थर पुसा आणि गाडी जरा लांब चालवून आणा. पट्टीवरही दूधच असेल तर इंजिन स्टार्ट करू नका.

थोडक्या पैशांत होणाऱ्या तपासण्या

काळ्या धुरासाठी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. डबा उघडताच आत शेंगदाण्याची टरफलं, चिंध्या आणि सुतळी निघण्याचे प्रकार दर थंडीत होतात. गणरायाचं वाहन आपल्या वाहनात मुक्कामाला येतं. हवेची वाट बंद झाली की इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. नवीन फिल्टर स्वस्त असतो, जुना झटकून परत बसवण्यात अर्थ नाही. घर निघालं असेल तर आसपासच्या वायरीही कुरतडल्या आहेत का ते बघून घ्या.

फिल्टर ठीक असेल तर कुलंट टेम्परेचर सेन्सर. इंजिन किती थंड आहे हे गाडीतल्या कंप्युटरला तोच सांगतो आणि त्यावरून स्टार्टिंगचं पेट्रोल ठरतं. २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे त्या कंप्युटरमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा ॲडॉप्टर लावून फोनवर आकडे वाचता येतात. सकाळी स्टार्ट करण्याआधी नुसती चावी ऑन करा. कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. बाहेर ९ अंश आणि कुलंट उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा सेन्सर गेला आहे, आणि कंप्युटर इंदुरात बसून सैबेरियातलं पेट्रोल ओततो आहे.

इथे थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्वचं, बोलायलाच हवं. मे महिन्यात गाडी तापली की काही जण थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, "झंझटच नको" म्हणून. उन्हाळा निघतो. थंडीत मात्र इंजिन पुरेसं गरमच होत नाही, कंप्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो, सायलेन्सर ओला राहतो, झाकणाखाली तो दुधाळ थर जमतो आणि मालक हेड गॅस्केटच्या भीतीने येतो. टेम्परेचरचा काटा वीस मिनिटं चालवूनही खालीच रेंगाळत असेल, तर आधी विचारा की थर्मोस्टॅट आहे का. माझं स्पष्ट मत आहे की तो काढणं ही दुरुस्ती नव्हे.

निळ्या धुरासाठी सर्वांत स्वस्त संशयित पीसीव्ही वॉल्व. टॅपेट कव्हरवरून (हेडवरचं झाकण) इन्टेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपाकडे, जाणाऱ्या रबरी नळीच्या टोकाला तो असतो. चेंबरमधला वायू बाहेर ओढून पुन्हा जाळायला पाठवणं हे त्याचं काम. तो उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलही ओढतो. बंद अडकला तर आत दाब वाढून ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. काढून कानाशी हलवा, बहुतेक वॉल्व खुळखुळतात. आवाज नाही, चिकट काळा गाळ आहे, तर कार्ब क्लीनरने धुवा किंवा बदला. रिंगांचा खर्च सांगितलेल्या काही गाड्या एवढ्यावर बऱ्या होऊन गेल्या आहेत.

मग स्पार्क प्लग. इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना सहज खराब होतात. सगळे प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर ओळीने ठेवा. एकाच प्लगवर तेलकट काळा थर असेल तर त्या सिलिंडरचं सील किंवा रिंग. सगळ्यांवर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. एकच प्लग धुवून काढल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे कुलंट शिरतंय. बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवा.

डिझेलवाल्यांसाठी

सकाळचा पांढरा धूर, चुरचुरणारे डोळे आणि पहिली दोन मिनिटं मिसिंग, ही जवळजवळ नेहमी हीटर प्लगची तक्रार असते. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. थंडीत ती उष्णता कमी पडते, म्हणून हीटर प्लग. चारांपैकी एक-दोन गेले तरी गाडी लागते, पण त्या सिलिंडरांतलं डिझेल न जळता धूर होऊन बाहेर पडतं. चावी ऑन करून पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, बंद करा, पुन्हा तसंच करा आणि मग सेल्फ मारा. दुप्पट तापवल्यावर धूर कमी झाला तर निदान जवळपास पक्कं. मल्टिमीटर असेल तर वायर काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मोजा. चांगल्या प्लगचा एक ओहमच्या आसपास येतो, मेलेल्या प्लगमधून करंट जातच नाही. चारही ठीक असतील तर रिले आणि फ्यूज.

मोजण्यापर्यंत घरी करा, काढायला मात्र जाऊ नका. जुन्या डिझेल इंजिनात हीटर प्लग काजळीने जाम बसतो, जोर लावला की तुटतो आणि अर्धा हेडमध्ये राहतो. पाचशेचं काम मग हेड उतरवण्यावर जातं. कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) गाडीचे इंजेक्टरचे पाइपही सैल करू नका. आत हजार बारच्या वर दाब असतो आणि ती बारीक धार कातडीत शिरते. प्लग ठीक असूनही धूर असेल तर पंप-नोझलवाल्याकडे इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

कुलंट उतरतंय आणि धूर दाट पांढरा आहे, तर यापुढचं काम साधनं असलेल्या माणसाचं. एक शेवटची खूण घरी बघता येते: थंड इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिटभरात रेडिएटरची वरची नळी दगडासारखी टणक झाली, तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये शिरतोय. पाणी तापायच्या आत दाब वाढायला दुसरं कारण नसतं. गॅरेजात रंग बदलणाऱ्या द्रवाची टेस्ट करून याची खात्री करता येते. डिझेलमध्ये हेड गॅस्केटइतकाच ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवला जाणारा धूर कुलंटने थंड करणारा भाग) दोषी असू शकतो, तोही तपासायला सांगा.

खालीलपैकी काही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. ऑइलचा लाल दिवा लागला. टेम्परेचरचा काटा लालवर गेला. डिपस्टिकवर दूध. सेल्फ मारला आणि इंजिन ठक्कन अडकलं: सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, पुन्हा सेल्फ माराल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. टर्बो डिझेलमधून निळा धूर येतोय आणि शिट्टीसारखा आवाज वाढलाय, तर त्याच दिवशी गाडी उभी करा. टर्बोच्या सीलमधून येणाऱ्या ऑइलवर डिझेल इंजिन चावी काढली तरी आपोआप पळत सुटू शकतं. तसं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर उतरून लांब व्हा.

पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत राहू नका. पेट्रोल गाडीची ती तपासणी गरम इंजिनवर होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. सकाळचा निळा लोट तिथे दिसतच नाही.

इंजिन खोलायची वेळ आली तर

आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि आकडे लिहून मागा. सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी चार्ज. पेट्रोल इंजिनात दीडशे पीएसआयच्या वर आकडे येणं चांगलं, पण सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व किंवा गॅस्केट.

आणि सगळे आकडे उत्तम आले, धूर फक्त सकाळचा निळा, तर वॉल्व सील. सील खराब असली तरी कॉम्प्रेशन पडत नाही, म्हणून चांगले आकडे बघून "मग काहीच नाही" म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये कम्प्रेसरची हवा भरून वॉल्व वरच धरून ठेवून सील बदलता येतात. सील स्वस्त, मजुरी महाग, तरी "हाफ इंजिन"च्या, म्हणजे पिस्टन-रिंगांच्या कामाच्या, खर्चापुढे काहीच नाही. सील काढल्यावर वॉल्व गाइडमध्ये डुलतोय का ते हलवून बघायला सांगा. गाइड झिजलेली असेल तर नवी सीलही लवकर जाते.

हेड उतरवलंच तर लेथवाल्याकडे त्याची सपाटी मोजून घ्या. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, डोळ्याने कळत नाही. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं की काही महिन्यांत तोच धूर परत येतो. हेडचे बोल्टही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळले पाहिजेत. काही इंजिनांत ते बोल्ट ताणले जातात आणि दर वेळी नवे घालावे लागतात.

काम झाल्यावर पहिले काही दिवस सकाळी थोडा धूर येईलच. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल किंवा कुलंट मुरलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. दोन-तीन वेळा सलग अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवा, डिपस्टिक आणि बाटलीवरची मार्करची खूण रोज सकाळी बघा. धूर दिवसेंदिवस कमी होत असेल आणि दोन्ही पातळ्या जागेवर असतील तर गॅरेजात परत यायची गरज नाही. पातळी पुन्हा उतरू लागली तर बिल आणि कॉम्प्रेशनचे लिहिलेले आकडे घेऊन त्याच मेकॅनिककडे जा, आणि या वेळीही गाडी रात्रभर तिथेच ठेवा.